विचारा मोजणीदाराला : मूर, सडा आणि पोटखराबा

मागच्या अंकात सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराबा’ (लागवडीत न धरलेली जमीन) या शब्दाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पंचाईत झाली. बांधाची भांडणं, वाटणीपत्रं, वहिवाटीच्या वाटा हे नेहमीचे प्रश्न बाजूलाच राहिले आणि पत्रं आली ती सगळी सड्याबद्दल, म्हणजे कोकणातल्या सपाट, खडकाळ माथ्याबद्दल. तेव्हा या वेळी सडाच. बांधवाल्यांनी महिनाभर दम धरावा, बांध काही पळून जात नाहीत. (सरकतात मात्र, ते मला ठाऊक आहे.)

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला असतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे होते, तेव्हा तो मला ‘किंडर स्काउट’ नावाच्या डोंगरावर घेऊन गेला. धापा टाकत वर पोचले तर ना देऊळ, ना किल्ला, ना झाड. काळा चिखल, गुडघाभर झुडपं आणि वारा. “आई, याला मूर म्हणतात,” म्हणाला. शब्दकोशात पाहिलं तर ‘ओसाड माळरान’. पण तिथं उभी असताना मला सारखा माझ्या माहेरचा, राजापूरकडचा सडा आठवत होता. मुलगा हसला. तिथं चिखल, आपल्याकडे दगड, साम्य कसलं? मला वेड लागलंय का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, वेड लागलेलं नाही. लागलं असेल तर मलाही लागलंय.

मी इंग्लंड पाहिलेलं नाही आणि या गुडघ्यांवर आता पाहणारही नाही. पण नकाशे वाचण्यात हयात गेली. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलानं त्या भागाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा (तिकडच्या सरकारी नकाशा खात्याचा) नकाशा आणून दिला होता, तो तुमचं पत्र आल्यावर ट्रंकेतून काढला. साधा डोंगर नकाशात कसा दिसतो? आत आत लहान होत जाणारी कडी आणि मधोमध एक टिंब. किंडर तसा नाही. कडेला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) फणीनं विंचरल्यासारख्या दाट आहेत, आणि त्या ओलांडून आत गेलं की एकदम मोकळं. रेषा शोधाव्या लागतात. आता राजापूरचा नकाशा शेजारी मांडा. तेच चित्र! कडेला गर्दी, माथ्यावर सामसूम, आणि निळ्या रेघा, त्यांच्या ओढ्यांच्या काय नि आपल्या पऱ्ह्यांच्या काय, काठाजवळून खाली निघालेल्या. मुलाला सांगा, नकाशात जे पाहायचं ते आईनं पायांनी ओळखलं.

फरक आहेतच. किंडर ६३६ मीटर उंच. आपले किनाऱ्याकडचे सडे शे-दीडशे मीटरचे. तुम्ही ज्याला चिखल म्हणालात तो ‘पीट’. थंडी आणि कायमची ओल यांमुळे तिथं मेलेलं शेवाळ, गवत कुजून संपत नाही, थरावर थर साठत जातं. वर्षाला साधारण एक मिलीमीटर. म्हणजे आपल्या एका पुरुषाच्या उंचीचा थर साठायला दीड-पावणेदोन हजार वर्षं हवीत. आपल्याकडे उलटा कारभार. इथं काही साठलंच नाही, धुऊन गेलं. उष्णता आणि तुफान पाऊस यांनी लाखो वर्षं मूळ खडकातली सिलिका काढून नेली. मागे उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला भोकाभोकांचा, गंजक्या रंगाचा जांभा.

गंमत पाहा. या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरनं. १८०० साली तो म्हैसूर, कानडा, मलबार पालथा घालायला निघाला, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं हे नाव वापरलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. मलबारात लोक जमिनीतून ओल्या मातीसारखा दगड कापून काढतात आणि उघड्यावर ठेवला की तो विटेसारखा कडक होतो, हे त्यानं पाहिलं. आपले गवंडी तेव्हाही त्याला चिराच म्हणत असणार. पण नाव लॅटिनमध्ये दिलं की ते जगभर जातं, मराठीतलं पाटाच्या पाण्याबरोबर खाली वाडीपर्यंत. हा बुकॅनन मूळचा कुठला? स्कॉटलंडचा. मूरच्याच मुलखातला.

पण खरं साम्य मला दिसतं ते भुकेचं. मूरवरचं पीट आंबट आणि निकस. सड्यावरचं पाणीही निकस, माती तर बोटभर. अशा जागी नायट्रोजनची मारामार असते, मग झाडं मांसाहार करू लागतात. तिकडच्या दलदलीत ‘ड्रोसेरा’ कुळातली गोल पानांची एक वनस्पती असते. त्याच कुळातली तिची बहीण तुमच्या माहेरच्या सड्यावर आहे. आपल्याकडे तिला दवबिंदू म्हणतात. मी ती पहिल्यांदा पाहिली ती नोकरीतून सुटल्यावर, सप्टेंबरात, ओल्या कातळावर पालथा पडून. (३३ वर्षं सड्यावर फिरलो, पण पालथा पडलो नव्हतो. मोजणीदार पालथा पडला तर लोक पंचनाम्याची तयारी करतात.) करंगळीएवढं रोपटं, तांबूस. पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. एक चिलट येऊन टेकलं. एक पाय अडकला, तो सोडवायला दुसरा टेकवला, तोही अडकला. पाच-सात मिनिटांनी पाहिलं तर आजूबाजूचे केस त्याच्याकडे झुकायला लागले होते. पायातली चप्पल पुढे सरकवली असती तर हे सगळं तिच्याखाली गेलं असतं, आणि मला पत्ताही लागला नसता.

आणखी एक, कारण हे मोजणीदाराला लागलं. तुम्ही किंडरच्या ज्या माथ्यावर गेलात तो एके काळी लोकांना बंद होता. वरचा सगळा मुलूख ग्राऊस नावाच्या पाखरांच्या शिकारीसाठी राखलेला आणि जमीनदारांचे रखवालदार उभे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडची शेकडो कामगार पोरं ठरवून त्या हद्दीत घुसली. पुढारी बेनी रॉथमन, वय २० वर्षं. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण त्या चालण्याची आठवण लोकांनी सोडली नाही. १९५१ मध्ये तो भाग ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला आणि २००० सालच्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये मूरवर पायी हिंडायचा हक्कच मिळाला. आपल्या सड्यावर असा हक्क कुणी मागितला नाही, कारण कुणी अडवलंच नव्हतं. गुरं जायची, शाळेची पोरं जायची, नवरीची वरात जायची. आता सिमेंटचे खांब आणि तारेची जाळी दिसते. त्यातल्या काही जाळ्यांची हद्द मीच कायम करून दिली आहे, आणि माप अचूक आहे. जाळीपाशी येऊन गाय उभी राहते नि मागे बघते, त्याला मापात जागा नसते.

मुलगा पुन्हा हसला तर त्याला पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला न्या, भर श्रावणात. किंडरवर ‘डाउनफॉल’ नावाचा धबधबा आहे, पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याचं पाणी उलटं वर उडतं. सडावाघापूरचंही तसंच उडतं. नावात सडा आहेच.

प्रश्न : अंगणात घालतो तो सडा आणि डोंगरावरचा सडा एकच का?
— एक विद्यार्थी, खेड

उत्तर : नाही. अंगणातला शेणाचा, डोंगरावरचा दगडाचा. पहिला आई घालते, दुसऱ्यावर आई जाऊ देत नाही. कोकणात सपाट माथ्याला सडा म्हणतात आणि उघड्या खडकाला कातळ. रत्नागिरीतलं सडामिऱ्या हे नाव त्यातलंच.

प्रश्न : आजोबांच्या नावे अकरा एकर सडा आहे, सातबाऱ्यावर सगळा पोटखराबा. एक जण चिरेखाणीसाठी मागतो आहे. भावकीत मत असं की कातळ तरी कशाला उपयोगी, येतील ते पैसे घ्यावेत. तुमचं मत?
— एक वाचक, लांजा

उत्तर : आधी कागद. पोटखराबा दोन प्रकारचा. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून सोडलेली जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, मसणवट अशा सार्वजनिक कामात गेलेली. तुमचा कोणता ते पाहा. चिरा हे गौण खनिज, परवान्याशिवाय काढता येत नाही. आणि अकरा एकर सामाईक असेल तर मुंबईतल्या चुलत्यांपासून सगळ्यांच्या सह्या लागतील. म्हणजे विचाराला वेळ भरपूर आहे.

आता कातळ कशाला उपयोगी ते. कलमं लावता येतात हे तुम्हाला सांगायला नको. सुरुंग लावून खड्डा, त्यात भरलेली माती आणि त्यावर हापूस, हे कोकणानं करून दाखवलं आहे. पण मी त्याबद्दल बोलत नाही. मी पाण्याबद्दल बोलतोय.

जांभा वरून कडक दिसतो, पण आतून तो मधाच्या पोळ्यासारखा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. बराचसा वाहून जातो, पण जो भोकांतून, भेगांतून आत उतरतो तो उतरतच जातो. जांभ्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकण मातीचा थर असतो. विहीर खणणाऱ्याला विचारा, तो लागला की पहार चिकटते. पाणी तिथं अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, जिथं वाडी वसलेली असते तिथं, झरा होऊन बाहेर येतं. वाडी तिथं का वसली? पाणी होतं म्हणून. पोफळीच्या बागा सड्याच्या पायथ्याला का असतात? त्याच कारणानं. सड्यावर काही पिकत नाही, हे बरोबर आहे. सड्याच्या जिवावर खाली पिकतं.

माझ्या सासुरवाडीची गोष्ट. देवळामागे झरा, दगडी पन्हळीतून बारमाही धार. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मेहुण्यानं मला मे महिन्यात तिथं आंघोळ घातली होती. पाण्यानं दात वाजले. पुढे वर खाण निघाली. पहिल्या वर्षी काही झालं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. गावात म्हणू लागले, उगाच भ्यालो. तिसऱ्या वर्षी धार शिमग्याला करंगळीएवढी झाली आणि अक्षय्य तृतीयेला बंद. वर जाऊन पाहिलं तर दोन पुरुष खोल चौकोनी खड्डा, तळाला हिरवं पाणी साठलेलं. जे आत मुरायचं ते उघड्यावर उभं राहून उन्हानं उडत होतं. पन्हळ अजून आहे. त्यात पोरं चेंडू सोडतात.

प्रत्येक खाणीनं झरा मरतो असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एक करा. एप्रिलअखेरीस सड्याच्या कडेनं खाली उतरा, पाणी कुठं कुठं निघतं ते पाहा आणि ते कोण पितं ते विचारा. त्या खुणा गावनकाशाच्या नकलेवर निळ्या पेन्सिलीनं मारा. मग भावकीची बैठक घ्या आणि तो कागद मध्ये ठेवा. काय ठरवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

वरच्या डोंबिवलीच्या ताईंचा किंडर यातून गेला आहे. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्यांच्या धुरानं वरचं शेवाळ मेलं, मग पीट उघडं पडलं आणि पावसानं वाहू लागलं. आता तिथं हेलिकॉप्टरनं दगड नेऊन घळींत लहान बांध घालतात आणि शेवाळाची रोपं हातानं लावतात. एकदा गेलेलं परत आणायला काय खर्च येतो, याचा अंदाज त्यावरून करा.

प्रश्न : सड्यावरची फुलं पाहायला कधी जावं? कासला गर्दी फार असते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘कधी’ असं नसतं, कोणत्या आठवड्यात असं विचारा. पहिला दमदार पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत रत्नागिरी-राजापूरकडच्या काही सड्यांवर दिपकाडी येते. पांढरी, हिरवट देठाची, वीतभर. जगात ती कोकणपट्टीतच सापडते. तिचे दिवस मोजकेच. तुम्ही रजेचा अर्ज टाकेपर्यंत संपेल. ऑगस्टमध्ये पाणी साठलेल्या खळग्यांत गेंदाची पांढरी बटणं आणि त्यांच्यात सीतेची आसवं, निळी-जांभळी. नाव हळवं असलं तरी हीसुद्धा शिकारीणच, पाण्याखाली बारीक फुगे लावून किडे ओढून घेते. पिवळा कवला सप्टेंबरात. दसऱ्यानंतर गवत पिवळं पडतं आणि कातळ पुन्हा कातळ दिसू लागतो.

दोन सूचना. पायात बूट घाला आणि दगड उगाच उलटवू नका, खाली फुरसं असतं. दुसरी, फोटोसाठी गालिच्यावर बसू नका. तो गालिचा नाही.

प्रश्न : आमच्या सड्यावर कातळात कोरलेल्या रेघा आहेत. जुनी माणसं पांडवांचं काम म्हणतात. परवा रस्त्यासाठी मोजणी झाली, मोजणीदारानं त्याकडे पाहिलंही नाही. कुणाला कळवावं?
— एक शिक्षक, राजापूर तालुका

उत्तर : तुमचा राग बरोबर माणसापर्यंत पोचला आहे.

आधी कामाचं. रेघांवर खडू, चुना, रंग मारू नका. फोटो उठून येतो पण रेघ बिघडते. झाडूनं माती काढा, पाण्याचा मारा नको. फोटो सकाळी सातच्या आत नाहीतर संध्याकाळी, ऊन आडवं असताना काढा, शेजारी मापासाठी फूटपट्टी ठेवा. ग्रामपंचायतीचा ठराव करून पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला पाठवा आणि रस्त्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याची प्रत द्या, पोच घेऊन. पोच महत्त्वाची. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवून अशी शेकडो चित्रं उजेडात आणली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीतले बारसू, देवीहसोळ, कशेळी, देवाचे गोठणे तुमच्या तालुक्यातलेच. उक्षीच्या लोकांनी आपल्या कातळात कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा बांधून घेतला, तोही मुलांना घेऊन पाहून या.

आता मोजणीदाराबद्दल. १९८७ च्या मे महिन्यात मी कशेळीच्या सड्यावर होतो. तेव्हाची आमची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. दुपारी ती इतकी तापायची की फडक्यानं धरावी लागे. बरोबर दोन साखळीवाले आणि गावचा कोतवाल. सावली म्हणून माझी छत्री, चौघांत एक. बाराच्या सुमाराला कातळावर फडकं अंथरून भाकरी सोडली. कोतवाल उभाच राहिला. म्हटलं, बस की. तर म्हणाला, “नको सायेब, हितं खाली काय तरी काढलेला हाय, म्हातारी मान्सं बसत न्हाईत.” मी पाहिलं. बोटभर रुंदीच्या रेघा, मातीनं भरलेल्या. गुराख्यांच्या पोरांचा उद्योग, म्हणून मी बसलो. पाणी प्यालो, टिपण वहीत त्या जागेपुढे ‘पोटखराबा’ लिहिलं आणि पुढच्या खुणेकडे निघालो.

तीस वर्षांनी पुतण्यानं मला तिथं पुन्हा नेलं, संध्याकाळी. ऊन तिरपं झालं आणि रेघा उठल्या. आधी एक वळण, मग सोंड, मग पाठ. हत्ती. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर उंच, आणि त्याच्या अंगात कोरलेली इतर कितीतरी जनावरं आणि पाखरं. कोकणात कुठल्याच म्हाताऱ्यानं न पाहिलेला गेंडाही इथल्या सड्यांवर कोरलेला सापडतो. तेव्हा ज्यानं कोरलं त्याचं कोकण वेगळं होतं. सवयीनं मी पावलं टाकली. लांबी पावणेदोन साखळ्या, क्षेत्र सव्वादोन गुंठ्यांच्या आसपास.

छत्री कुठं धरली होती ते काही केल्या आठवेना, पण कोतवाल उभा होता ती जागा सापडली. तो सोंडेच्या बाहेर, कडेला उभा होता. मी पोटावर बसलो होतो, आणि तिथंच पोटखराबा लिहिला होता. ती वही खात्याच्या अभिलेखागारात असेल, सही माझी आहे.

तुमच्याकडे येऊन गेलेल्या मोजणीदाराला पुन्हा बोलवा, संध्याकाळी साडेपाचला. भांडू नका. चहा द्या आणि ऊन तिरपं होईपर्यंत थांबवून ठेवा.